शेपूट कापू नकोस

काल तू गेल्यावर चहा तसाच राहिला माझा, ग्रॅनाइटच्या भेगेतून सोडलेलं आयोडाइड किती वेळाने किती बाहेर येतं, तुझा तो ग्राफच डोक्यात फिरत होता. तू म्हणालीस, २०० तासांनंतरचे पॉइंट, म्हणजे ग्राफची ती लांबलेली शेपूट, उडवले की मॉडेल मस्त बसतं, गाइड म्हणतात तो नॉइज आहे, मग सर मी काय करू? अगं काय करू म्हणजे काय! शेपूट कापू नकोस.

तुझ्या ग्रॅनाइटच्या ठोकळ्यात भेगेतून पाणी सरसर जातं, पण आयोडाइड बाजूच्या खडकाच्या बारीक छिद्रांत शिरतं आणि हळूहळू परत बाहेर येतं, ते परत येणं म्हणजेच ही शेपूट. दोन्ही अक्ष लॉगचे घेऊन काढ, उतार उणे दीडच्या आसपास आला तर मॅट्रिक्स डिफ्यूजनचा, म्हणजे याच छिद्रांत शिरून परत येण्याचा, संशय घे. नुसता संशय हं. भेगेत पाणी वेगवेगळ्या वाटांनी धावलं तरी शेपूट लांबते, म्हणून कमी-जास्त वेगाने डिफ्यूज होणारे दोन ट्रेसर, म्हणजे पाण्याचा माग काढायचे पदार्थ, एकत्र सोड, शेपट्या वेगळ्या पडल्या तर खडक बोलतोय. अणुकचरा खडकात पुरता येईल का हे तपासायला स्वित्झर्लंडच्या ग्रिमसेलमध्ये १९८४ पासून बोगद्यातल्या प्रयोगशाळेत बसून लोक असल्याच गोष्टी मोजतायत आणि तुला २०० तासांत कंटाळा आला? त्या कचऱ्यातल्या सीझियम-१३७ चं अर्धायुष्य ३० वर्षं, खडकाने अडवलं तर ते वाटेतच बरंचसं संपतं. आयोडीन-१२९ चं दीड कोटीच्या वर, आणि त्याला खडक धरतही नाही. तिथे शेपूट कापून कसं चालेल?

आता माझं ऐक. सिन्नरकडे बसाल्टमध्ये युरॅनिन, म्हणजे पाण्यात हिरवा चमकणारा रंग, सोडलं होतं आम्ही, बोअरमध्ये टाकायचं आणि शेजारच्या विहिरीत दर तासाला बाटली भरायची. तिसऱ्या दिवशी रीडिंग खाली आलं, दिवाळी तोंडावर, गुंडाळलं सगळं. महिन्याने शेतकरी बिसलेरीची बाटली घेऊन दारात, साहेब पाणी अजून हिरवट दिसतंय. मी म्हटलं काही अपाय नाही त्याचा, जा. त्याचं बरोबर होतं, रिपोर्ट माझा चुकला होता. तेव्हा पैसे नव्हते, जीप एकच होती, हे सगळं खरंय, माझ्या जागी दुसरा असता तर त्यानेही तेच केलं असतं... पण बाटली तरी ठेवून घ्यायची होती ना मी!

गाइडशी भांडू नकोस, दोन्ही ग्राफ समोर ठेव. रविवारी ये, कच्चे आकडे आण, पीपीटी नको. माळ्यावरून त्या ट्रायलची वही काढून ठेवतो, तिसऱ्या दिवसानंतरची पानं कोरी आहेत, बघून घे.