टेक्सासमध्ये झालेल्या डिव्होर्सची सर्टिफाइड कॉपी कुठे मिळते?

ऑस्टिनला स्टेटच्या ऑफिसात अर्ज करून बसू नका, तिथून फक्त व्हेरिफिकेशन लेटर मिळतं, तेही 1968 पासूनच्या डिव्होर्सचं, आणि त्यात नावं, तारीख, काउंटी अशी थोडीच माहिती असते. खरी डिक्री (कोर्टाचा डिव्होर्सचा आदेश) ज्या काउंटीत केस चालली तिथल्या डिस्ट्रिक्ट क्लर्ककडे (कोर्टाचं रेकॉर्ड ठेवणारं ऑफिस) असते, म्हणजे ह्यूस्टनला झाला असेल तर बहुतेक हॅरिस काउंटी. काउंटी क्लर्क वेगळा बरं का, लोक हमखास तिथेच जाऊन धडकतात! कॉज नंबर (केसचा नंबर) माहीत असेल तर उत्तम, नाहीतर दोघांची पूर्ण नावं आणि अंदाजे वर्ष द्या, शोधून देतात. भारतात दाखवायची असेल तर सर्टिफाइड कॉपीच मागा, साधी झेरॉक्स चालत नाही, आणि तिच्यावर टेक्सासच्या सेक्रेटरी ऑफ स्टेटकडून अपॉस्टिल (कागद खरा असल्याचं, परदेशात चालणारं प्रमाणपत्र) करून घ्या.