लुकुमादेस हा ग्रीक गोड पदार्थ नेमका काय आहे आणि तेथील जीवनात त्याचे स्थान काय?

लुकुमादेस म्हणजे मैदा, पाणी, मीठ आणि यीस्ट यांचे सैलसर, चिकट पीठ फुगवून तळलेले लहान गोळे. पीठ मुठीत धरून अंगठा व तर्जनी यांच्यामधून वर दाबायचे आणि ओल्या चमच्याने अलगद उचलून गरम तेलात सोडायचे, ही त्याची जुनी पद्धत आहे. बाहेरून कुरकुरीत व आतून पोकळ झालेल्या गोळ्यांवर मध, दालचिनीची पूड आणि अक्रोड किंवा तीळ घालून ते गरमच खातात. प्राचीन ऑलिम्पिकच्या विजेत्यांना हेच देत असत, असे सर्रास सांगितले जाते. मी त्याकडे दंतकथा म्हणूनच पाहतो.

सणांशी असलेले त्याचे नाते मात्र खरोखर रंजक आहे. ३० नोव्हेंबरला संत आंद्रेआस यांचा दिवस असतो, आणि त्या दिवशी ज्या घरी काही तळले जात नाही तेथील तव्याला हे संत भोक पाडतात, अशी लोकसमजूत असल्यामुळे अनेक घरांत लुकुमादेस होतात. सायप्रसमध्ये नाताळानंतरचे बारा दिवस जमिनीखालून वर येऊन उच्छाद मांडणारी ‘कालिकांझारी’ नावाची भुते खाऊन तृप्त व्हावीत आणि निघून जावीत, म्हणून ५ जानेवारीच्या संध्याकाळी हे गोळे घराच्या छपरावर फेकण्याची प्रथा आहे. एरवी ते जत्रेत आणि खास दुकानांत मिळतात. अथेन्समधील एओलू रस्त्यावरचे ‘क्रिनोस’ १९२३ पासूनचे आहे.