पुरात गेलेले आजोबा

प्रश्न : मी कालप्रवासाची रहस्यकादंबरी लिहिते आहे. आजीचा पहिला नवरा पानशेतच्या पुरात गेला, असं घरात सांगतात. नात १९६१च्या पुण्यात जाते आणि मध्यरात्रीच्या पुरातून त्याला वाचवते. पण मग आजीचं दुसरं लग्न होणार नाही आणि नात जन्मणारच नाही! ते प्रकरण सोबत पाठवते आहे. काय करू?

उत्तर : आधी ती मध्यरात्र काढा. १२ जुलैला धरण फुटलं ते सकाळी. आमची आत्या सांगायची, चुलीवर आमटी तशीच टाकून सगळे पर्वतीकडे पळाले. परत आले तेव्हा पातेल्यात गाळ. तुमच्या पुरात पाणी भरपूर आहे, असं पातेलं एकही नाही.

आणि नात दुकानात गांधीजींच्या चित्राची नोट देते, हे कसं चालेल? तशी पहिली नोट आली १९६९ साली. दुकानदार तिला खुळ्यात काढेल. तेव्हा नाण्यांवर ‘नये पैसे’ छापलेलं असे, आणि लोक हिशेब मात्र आण्यांत करत. खरं तर हा प्रसंग ठेवाच. नात पकडली जाते ती इथेच, अशी गंमत करता येईल.

आता तुमचा पेच. त्याला वाचवूच नका. तो बुडालेलाच नसेल तर? पूर ओसरल्यावर नात त्याला पुणे स्टेशनवर बघते, कोरड्या कपड्यांत, हातात वळकटी. आणि त्याला डबा द्यायला आलेली बाई म्हणजे आजीच.