दप्तर उघडायची वाट बघत प्रबंध अडवून ठेवू नका

खानापूर तालुक्यातलं गाव, बी.एस्सी. करून इतिहासात एम.ए., लघुप्रबंधाचा विषय ‘गावातील बलुतेदारी आणि सामाजिक बदल’, जुने मोडी कागद ज्या कचेरीत आहेत तिथं कुणी दारात उभं करत नाही, गाईड म्हणतात विषय बदला, आणि हातात एकच सत्र. तुमची पोस्ट वाचली आणि माझं जुनं दुखणं पुन्हा ठणकलं. मी मिरजेची. माझाही विषय असाच, फक्त बलुत्यांच्या जागी देवस्थान इनाम (म्हणजे देवळाला लावून दिलेल्या जमिनी) आणि गुरव-जंगमांच्या मानपानाची भांडणं होती. वर बऱ्याच जणांनी ‘चिकाटी सोडू नका’ असं लिहिलंय. चिकाटी प्रबंधावर खर्च करा, त्या कचेरीवर नको, एवढंच माझं म्हणणं. का ते सांगताना जरा पाल्हाळ होईल, सांभाळून घ्या.

प्रवेश, पात्रता प्रमाणपत्र, क्रेडिटं या भानगडीत शिरत नाही, ते तुमचं मार्गी लागलेलं दिसतंय. माझं एम.ए. जुन्या पॅटर्नचं, त्यामुळे गुणांची विभागणी वगैरे तुमच्या विभागातच विचारा.

तर कचेरी. कुठली ते लिहीत नाही, आज तिथं एखादा बरा माणूसही बसत असेल. मी विभागप्रमुखांचं पत्र घेऊन गेले. पहिला प्रश्न, “वारस कोण?” म्हटलं, कुणीच नाही, अभ्यासासाठी बघायचंय. “मग अभ्यासाला हेच गाव बरं सापडलं?” इनाम हा शब्द कानावर पडला की समोरच्याला कोर्टाची तारीख दिसायला लागते. देवस्थान जमिनींचे वाद आपल्याकडे अजून चालू आहेत, तेव्हा त्याची भीती अगदीच खोटी होती असं नाही. पण पुढचं ऐका. पत्र आवकला दिलं, तिथून ते एका टेबलावर गेलं, टेबलवाले रजेवर. ते आले तर साहेब मीटिंगला. साहेब भेटले तर म्हणाले, रुमाल क्रमांक (रुमाल म्हणजे फडक्यात बांधलेला कागदांचा गठ्ठा) घालून अर्ज करा, लगेच काढून देतो. क्रमांक कुठं मिळेल? यादीत. यादी कुठाय? रेकॉर्ड रूममध्ये. रेकॉर्ड रूममध्ये जायला काय लागतं? मंजूर अर्ज. आणि अर्जावर काय लागतं? रुमाल क्रमांक!

रुमाल दिसलाच नाही असंही नाही. एकदा शिपाईमामांनी दारातूनच दाखवला. तांबडं विटलेलं फडकं, गाठ मळून काळी झालेली, कडेला वाळवीची माती, आणि दोऱ्याला लटकणाऱ्या पुठ्ठ्यावर गावाचं नाव, वर बाळबोधीत, म्हणजे देवनागरीत, खाली मोडीत. “बघा, हाय की,” म्हणाले आणि दार ओढून घेतलं.

सगळा उन्हाळा असा गेला, मुदतवाढीची फी गेली, बरोबरीच्या मुली नेट-सेटच्या तयारीला लागल्या. यात मला सगळ्यात महाग काय पडलं असेल, तर ‘नाही’ असं कुणीच म्हटलं नाही हे. लेखी नकार मिळाला असता तर दुसऱ्याच दिवशी तो गाईडपुढे ठेवून विषय फिरवून घेतला असता. ‘बघू’, ‘या पुढच्या आठवड्यात’ यावर सत्रं जातात. तुम्हीही पोस्टमध्ये ‘साहेब सकारात्मक आहेत’ असं लिहिलंय ना? मला ते वाचूनच धडकी भरली.

म्हणून तोंडी विचारणं आजपासून बंद करा आणि माहितीच्या अधिकारात एक अर्ज टाका. 10 रुपयांचा कोर्ट फी स्टँप, 30 दिवसांची मुदत. त्यात कागदांच्या नकला मागू नका. आधी दप्तराची यादी मागा आणि अवलोकन मागा. 2005 च्या कायद्यात माहितीच्या अधिकाराच्या व्याख्येतच अभिलेखाची पाहणी येते. ‘फार जुनं आहे, देता येत नाही’ म्हणाले तर कलम 8(3) दाखवा. 20 वर्षांपूर्वीच्या गोष्टींना त्या कलमातले बहुतेक अपवाद लागूच होत नाहीत. उत्तर आलं नाही तर प्रथम अपील. मी वकील नाही, एखाद्या जाणत्याला मजकूर दाखवून घ्या. आणि हेही सांगून ठेवते, की एवढं करून कागद सत्राच्या आत हातात पडतील या भ्रमात राहू नका. अर्जाचा खरा उपयोग ‘मागितले होते, मिळाले नाहीत’ हे साधनांच्या प्रकरणात तारखेनिशी लिहिता येतं हा. परीक्षक त्याची कदर करतात.

(जाता जाता. 2023 पासून कुणबी नोंदी शोधायला महसूल खात्यापासून शाळांपर्यंत सगळीकडची जुनी दप्तरं उपसली गेली, मोडी वाचणाऱ्यांना एकदम भाव आला. अभ्यासकांच्या दृष्टीनं चांगलंच झालं. पण आता गाव नमुना 14, म्हणजे कोतवाल बुक, गावची जन्म-मृत्यूची जुनी नोंदवही, याचं नुसतं नाव काढलं तरी तुम्हाला दाखल्यांचा एजंट समजतील. पत्रात ‘जात’ हा शब्द पहिल्या ओळीत घालू नका. हे माझं मत, कुणाला पटणार नाही.)

आता जे मला तेव्हा कुणी सांगितलं नाही ते. 1948 च्या आधी तुमचं गाव कुणाच्या राज्यात होतं हे पहिल्यांदा पक्कं करा. आज आपण सहज ‘सांगली जिल्हा’ म्हणतो, पण तो झाला 1949 साली ‘दक्षिण सातारा’ म्हणून. सांगली हे नाव 1960 चं. 1949 च्या आधी तासगाव, वाळवा, खानापूर हे ब्रिटिश सातारा जिल्ह्यातले तालुके. सांगली, मिरज थोरली पाती, मिरज धाकटी पाती, जत ही वेगळी संस्थानं. आटपाडी औंधकडे. कुंडलही औंधचं, आणि भोवतीची गावं इंग्रजांची! 1942 च्या चळवळीत नाना पाटलांच्या प्रतिसरकारच्या काळात या सरहद्दींचा कसा फायदा झाला ते कुंडलकर आजही रंगवून सांगतात. उलट सांगली संस्थानाचं मंगळवेढं आज सोलापूर जिल्ह्यात, तेरदाळ आणि शहापूर तर कर्नाटकात. तेव्हा आजचा तालुका बघून कागद शोधायला निघालात तर चुकीच्याच कचेरीत खेटे घालत बसाल. तुमचं गाव इंग्रजी अमलातलं निघालं तर 1885 चा सातारा जिल्ह्याचा गॅझेटियर घरबसल्या वाचता येतो. जातवार माहिती देणारी 1931 पर्यंतची जनगणना आहे. इंग्रजांआधीच्या काळासाठी पुण्याच्या पुराभिलेखागारात पेशवे दप्तर आहे, त्यात शाहू दप्तर म्हणून भाग आहे. पटवर्धनांच्या, म्हणजे सांगली-मिरजेच्या संस्थानिकांच्या, मुलखातलं असेल तर मिरजेच्या वासुदेवशास्त्री खऱ्यांनी छापलेला ऐतिहासिक लेखसंग्रह आधी चाळा, मोडी न येताही वाचता येतो. फक्त त्यात लढाया आणि राजकारण फार, गावगाडा शोधून काढावा लागतो.

विषयाबद्दल बोलते, रागावू नका. आपल्याकडं ‘समाज व संस्कृती’ म्हटलं की पहिलं प्रकरण चार वर्ण, चार आश्रम, सोळा संस्कार, आणि दुसऱ्या प्रकरणात त्रिंबक नारायण आत्रे यांच्या 1915 च्या ‘गावगाडा’ या ग्रंथामधली बलुतेदारांची यादी उतरवून काढायची, असा शिरस्ता पडलाय. यादी सुतार, लोहारापासून सुरू होते, आणि बारावा कोण यावर प्रत्येक ग्रंथ वेगळं बोलतो. तुमच्या गावात बारा होते का, हे मात्र कुणी बघत नाही. तिसरं प्रकरण ‘जजमानी’, म्हणजे ठरलेल्या यजमान घराला सेवा द्यायची आणि त्याबदली धान्य घ्यायचं. ही कल्पना पुस्तकांत आली ती वायझर यांच्या 1936 च्या अभ्यासातून, म्हणजे उत्तर प्रदेशातल्या करीमपूर गावावरून. तिथं सेवा घराघराच्या नात्यातली. आपल्या दख्खनेबद्दल हिरोशी फुकाझावा या जपानी अभ्यासकानं मराठी कागद वाचून दाखवलं, की इथला बलुतेदार एकेका घराचा नाही, अख्ख्या गावाचा सेवक आणि गावचा वतनदार. दोन्हींत जमीन-अस्मानाचा फरक आहे, आणि आपली मुलं दोन्ही एकाच परिच्छेदात लिहून मोकळी होतात. तुमच्या गावात सुगीला सुताराचा वाटा खळ्यावर सगळ्यांचा मिळून निघायचा की घरटी पेंढ्या बांधून दिल्या जायच्या, एवढा एकच प्रश्न सत्तरी-ऐंशीच्या चार माणसांना विचारलात तरी कुठल्याही उताऱ्यापेक्षा वजनदार पानं तयार होतील. बायकांना वेगळं विचारा. खळ्यावरचा वाटा पुरुष सांगतात, पण न्हाव्याला, कुंभाराला उंबऱ्यावरून काय दिलं जायचं ते बायकांनाच ठाऊक असतं.

आणि कृपा करून ‘बलुतं मोडलं आणि गावाची एकी गेली’ असलं उसासे टाकणारं प्रकरण लिहू नका. महार वतन ही वेठ होती म्हणून बाबासाहेबांनी 1928 मध्ये मुंबई कायदेमंडळात विधेयक आणलं होतं. कनिष्ठ गावकामगारांची वतनं 1958 च्या कायद्यानं गेली, कुलकर्णी वतनं 1950 च्या. ज्यांचं वतन सुटलं त्यांना काय वाटलं, हे त्यांच्याच वस्तीत जाऊन विचारायचं. पाटलाच्या ओसरीवर बसून नाही.

मला शेवटी तारलं ते जिल्हा परिषदेच्या शाळेतल्या जनरल रजिस्टरनं. त्याला यादी लागत नाही, रुमाल क्रमांक लागत नाही, मुख्याध्यापकांच्या कपाटात असतं. मोठं आडवं बाड, कोपरे कुरतडलेले, निळी शाई तपकिरी झालेली. मुलाचं नाव, जात, जन्मगाव, आधीची शाळा, आणि अगदी उजवीकडचा रकाना: शाळा सोडल्याचं कारण. त्या रकान्यातच सगळा सामाजिक इतिहास बसलाय. ‘घरकाम’, ‘मुंबईस गेला’, ‘गैरहजर, नाव कमी’. ‘घरकाम’ कुणाच्या मुलींपुढे येतं आणि कुठल्या दशकापर्यंत, ते मोजत जा. मी इनामाचे हक्क बाजूला ठेवले आणि त्याच गुरव-जंगम घरांतली पुढची पिढी काय करू लागली एवढंच धरलं. प्रबंध लहान झाला, पण माझा झाला.

तुमच्याकडं तर सोन्यासारखा विषय अंगणात पडलाय, अक्षरशः. खानापूर, आटपाडी, तासगाव भागातली गलाई करणारी माणसं देशभर पसरली आहेत. तुमच्या स्वतःच्या गल्लीतली किती घरं बाहेरच्या राज्यांत असतील! सोनं-चांदी आटवायच्या धंद्यात कोणत्या जातीची, कोणत्या बलुत्यातली माणसं शिरली, कुणाच्या हाताखाली शिकली, दिवाळीला, जत्रेला आल्यावर कुणी मंदिराचा जीर्णोद्धार केला, यात समाजही आला आणि संस्कृतीही आली. आमच्या मिरजेत हत्यारांना धार लावणारे शिकलगार तंतुवाद्यं घडवू लागले, त्यांच्या सतार-तंबोऱ्यांचं नाव आज देशभर आहे. जातीचा धंदा बदलतो कसा, हे शिकवायला मी वर्गात आजही हेच उदाहरण घेते.

रजिस्टर बघताना एक पथ्य: त्यातली पुष्कळ माणसं हयात आहेत, त्यांची नावं आणि जाती प्रबंधात छापायच्या नाहीत. दशकवार आकडे द्या, पानांचे फोटो परिशिष्टाला जोडू नका. मुख्याध्यापकांना तसं लिहून द्या, मग ते सहसा आडकाठी करत नाहीत. करतीलही, माझा अनुभव एका जिल्ह्यापुरता.

मोडीचं विचारलंय तर शिका, जरूर शिका, पण प्रबंध त्यावर टांगू नका. अक्षरं एका वर्गात येतात, कागद वाचायला वर्षं जातात. अडतं ते तारखेपाशी. शुहूर सनाचे (मराठेशाहीच्या कागदांत वापरायचे ती कालगणना) आकडे अरबी शब्दांत लिहिलेले असतात: ‘सलास खमसैन मया व अलफ’ म्हणजे तीन, पन्नास, शंभर, हजार, मिळून 1153. त्यात 599 मिळवा, 1752 येतं, आणि वर्ष मेअखेरीला किंवा जूनच्या आरंभी पालटतं म्हणून कधी 600 मिळवावे लागतात. फसलीत, म्हणजे महसुली सनात, 590. हा तक्ता वहीच्या पहिल्या पानावर चिकटवून ठेवा, मोडी वर्गात तो हमखास शेवटच्या तासाला उरकतात.

राहिलं गाईडचं. ‘विषय बदलायचा आहे’ म्हणून जाऊ नका, बदल म्हटला की आराखडा पुन्हा समितीपुढे न्यायला लावतात. ‘व्याप्ती मर्यादित करायची आहे’ असं म्हणा, शीर्षकात गावाचं नाव आणि सालं घाला, ‘सामाजिक बदल’च्या जागी ‘व्यवसायबदल’ करा. अर्ज दोन प्रतींत न्या आणि आपल्या प्रतीवर आवकचा शिक्का आणि तारीख घेतल्याशिवाय खिडकीसमोरून हलू नका.