तैवानमधली घराखालची खाणावळ: काय मागावे, काय विचारून घ्यावे

शिंचू किंवा तैपेईत नोकरीनिमित्त गेलेल्यांना भाड्याच्या लहान घरात बहुतेकदा स्वयंपाकघर मिळत नाही. मिळालेच तर गॅस नाही, विजेच्या शेगडीवर भागवा, असा मालकाचा दंडक. अशा वेळी गल्लीतली खाणावळ धरावी. तिथले लोकही तेच करतात. एकटे राहणारे आजोबा, शाळा सुटल्यावर थेट तिथे येऊन गृहपाठ करणारी मुले, कारखान्यातून परतणारे कामगार, सगळ्यांचे ताट एकाच ठिकाणी. माणशी साधारण शंभर तैवानी डॉलरमध्ये पोटभर होते आणि टिप देण्याची पद्धत नाही.

शाकाहारी घरांनी आधी दारावरची पाटी पाहावी. आपल्या स्वस्तिकाच्या उलट दिशेला वळलेले स्वस्तिक दिसले, तर खाणावळ बहुधा बौद्ध पद्धतीची शाकाहारी. तिथे कडक परंपरेत कांदा, लसूण, पात यांसह पाच उग्र वासाचे पदार्थ वर्ज्य, त्यामुळे चातुर्मास पाळणाऱ्यांचीही सोय होते. गंमत म्हणजे त्या वर्ज्य पाचांच्या जुन्या यादीत आपला हिंगही आहे! ताटात मांसासारखे काही दिसले तर दचकू नका, ते सोयाबीन किंवा गव्हाच्या ग्लुटेनचे (कणकेतल्या चिकट प्रथिनाचे) असते. अंडे मात्र चालत नसेल तर विचारून घ्या. अशा ठिकाणी भाज्या स्वतः चिमट्याने वाढून घ्यायच्या. पुष्कळदा ताट वजनावर मोजतात, म्हणून टोफू आणि रस्सा भरपूर घेतला की बिल फुगते. चिनी पंचांगातल्या पहिल्या आणि पंधराव्या तिथीला, म्हणजे साधारण अमावास्या-पौर्णिमेला, अनेक तैवानी लोक शाकाहार करतात. त्या दिवशी बाराच्या आधी पोहोचा.

साध्या खाणावळीत फसगत होते ती भाजीतच. उकडलेली पालेभाजी मागवली तर वर डुकराच्या खिम्याचा रस किंवा चरबीत तळलेला कांदा घालून येते. कोबीत सुके सोडे असतात, नूडल्सचे पाणी हाडांचे असते. हे सगळे चवीसाठी असते, तुम्हाला फसवायला नाही. म्हणून मागवतानाच बोलावे. ‘मी शाकाहारी आहे, खिम्याचा रस नको, डुकराची चरबी नको’ ही तीन वाक्ये चिनी लिपीत फोनमध्ये ठेवा आणि दाखवा. नुसते ‘मांस नको’ म्हटले तर तुकडे काढतील, रस तसाच राहील. तिळाच्या चटणीतल्या थंड नूडल्स काकडी घालून मिळतात. त्या बऱ्याचदा बिनमांसाच्या असतात, पण सोबतच्या मिसो (आंबवलेल्या सोयाबीनच्या) सूपमध्ये सुक्या मासळीचा अर्क असू शकतो. मुलाला शेंगदाण्याची ॲलर्जी असेल तर तेही वाक्य लिहून ठेवा, कारण दाण्याचा कूट कुठेही भुरभुरतात. गोमांस टाळणाऱ्यांनी ‘नूडल्स’ एवढेच मागू नये. गोमांसाचे नूडल्स हा तिथला आवडता पदार्थ आहे.

टेबलावर छापील चिठ्ठी आणि पेन्सिल असते. पदार्थापुढे संख्या लिहा, टेबल क्रमांक टाका, इथे खाणार की बांधून नेणार त्यावर खूण करा आणि चिठ्ठी गल्ल्यावर द्या. चॉपस्टिक्स, चमचे आपणच घ्यायचे. गर्दीत अनोळखी माणूस टेबलावर येऊन बसला तर तो उद्धटपणा नव्हे. सुटे पैसे जवळ ठेवा. लहान ठिकाणी कार्ड चालेलच असे नाही.

ओळख वाढवायची असेल तर ऐन गर्दीत नव्हे, अकराच्या किंवा पाचच्या सुमारास जा, तेही आठवडाभर एकाच खाणावळीत. मालकिणीला ‘लाओपान-न्यांग’ आणि मालकाला ‘लाओपान’ म्हणतात. चार वेळा तीच मागणी ऐकली की ती स्वतःच रस न घालता वाढू लागते. स्वतःचा डबा नेला तरी सहसा चालतो. दुपारी दोन ते पाच अनेक ठिकाणी चूल बंद असते, आणि चिनी नववर्षाला कित्येक खाणावळी काही दिवस सलग बंद राहतात. तेवढ्यापुरते डाळ-तांदूळ आणि विजेचा कुकर घरात असू द्या.