विचारा बिनधास्त : घरी बिअर करायला खर्च किती येतो हो?

प्रश्न : काका नमस्कार, आम्ही सुदामा नगरचे. मुलगा-सून शिकागोला असतात आणि मुलाला सध्या घरी बिअर बनवायचं खूळ लागलंय. डिसेंबरात आम्ही जाणार आहोत तर वाढदिवसाला त्याला ते सगळं सामानच घेऊन देऊ असं ह्यांचं म्हणणं. मला तर घरात भट्टी म्हटलं की कसंतरीच होतं, पोलीसबिलीस तर येणार नाहीत ना? आणि काय काय लागतं, किती पैसे जातात?
— एक आई, इंदूर

उत्तर : ताई, पोलिसांची काळजी सोडा. अमेरिकेत १९७८ साली कार्टर अध्यक्ष असताना याचा कायदा झाला आणि फेब्रुवारी १९७९ पासून घरच्यापुरती बिअर करायला करमाफी मिळाली, घरात एक सज्ञान माणूस असेल तर वर्षाला १०० गॅलन आणि दोन किंवा जास्त असतील तर २००, म्हणजे साडेसातशे लिटर, तुमचा मुलगा एवढी करणार नाही आणि केली तर मग वेगळी काळजी करा. अलाबामा आणि मिसिसिपी तेवढे २०१३ पर्यंत अडून बसले होते, शिकागोला अडचण नाही. फक्त विकायची नाही. आणि ही भट्टी नव्हे, भट्टीत दारू गाळतात, इथे नुसतं आंबवायचं असतं. गाळण्याचे कायदे वेगळे आणि कडक, त्याच्या वाटेला जाऊ नको म्हणावं.

आता सामान. तिकडे सुरुवातीचा घाणा बहुतेक ५ गॅलनचा असतो, म्हणजे १९ लिटर. तयार किट मिळतं, त्यात झाकणाची मोठी प्लास्टिक बादली, झाकणात बसवायचा एअरलॉक (आतला गॅस बाहेर जातो, बाहेरची हवा आत येत नाही), दुसरी तोटी लावलेली बादली, सायफनची नळी, हायड्रोमीटर (रस किती दाट आहे ते मोजायचं काचेचं तरंगतं उपकरण), बाटलीला बूच दाबायचं यंत्र, बुचं, ब्रश एवढं असतं. याचे साधारण १०० ते १५० डॉलर धरा. उकळायचं पातेलं बऱ्याच किटमध्ये नसतंच आणि घरी जाऊन डबा उघडल्यावर कळतं, ते वेगळे ४०-५० डॉलर. पण सुनेकडे मोठं स्टीलचं पातेलं असेल तर तेच चालतं, कारण पहिल्यांदा करणाऱ्याने माल्टचा (मोड आणून वाळवलेल्या जवाचा) तयार अर्क घ्यावा, धान्य दळत भिजवत बसू नये, आणि अर्क असला की ८-१० लिटर पाण्यातच हॉप्स (बिअरला कडवटपणा देणारी फुलं) टाकून तासभर उकळायचं आणि बाकीचं गार पाणी वरून घालायचं. फ्लॅटमधल्या इलेक्ट्रिक शेगडीवर १९ लिटर उकळायला बसलात तर संध्याकाळ जाते आणि तरी धड उकळी फुटत नाही.

अर्क, हॉप्स आणि यीस्टचं पाकीट मिळून दर वेळी ४०-५० डॉलर. १९ लिटरच्या जेमतेम ५० बाटल्या होतात तेव्हा बाटली डॉलरच्या आसपास पडली, वर किटचे पैसे आणि दोन शनिवार. पैसे वाचवायला करतोय असं म्हणाला तर हसून सोडून द्या.

पैसा कुठे घालायचा ते माझं मत सांगतो. बादली स्वस्तातली घ्या, काही फरक पडत नाही. पण सॅनिटायझर चांगला घ्या, न धुता चालणारा येतो तो, कारण उकळून झाल्यावर जे जे त्या रसाला लागेल ते निर्जंतुक हवं, नळी, झाकण, चमचा, हात, सगळं. बिअर बिघडते ती बहुतेक इथेच, आंबूस लागते मग लोक यीस्टला शिव्या देतात. आणि दुसरं, थर्मामीटर. एल जातीची बिअर करायची (लागर नको, तिला १०-१२ डिग्रीची थंडी लागते म्हणजे वेगळा फ्रिज आला), एलला १८ ते २० डिग्री बरं. आंबताना बादलीच्या आत खोलीपेक्षा दोन-चार डिग्री जास्त असतं हे कोणी सांगत नाही. शिकागोत डिसेंबरात हीटरमुळे घर विशीत असतं, तेव्हा बादली बाहेरच्या भिंतीजवळच्या कोपऱ्यात ठेवली तरी काम होतं. उन्हाळ्यात टबात पाणी भरून त्यात ठेवायची आणि बर्फाच्या बाटल्या बदलत राहायच्या, फुकट उपाय.

बाटल्या विकत घ्यायलाच पाहिजेत असं नाही, मित्रांना सांगून तपकिरी, ओपनरने उघडायच्या जमवायच्या, फिरकीच्या बुचाच्या नकोत. बाटलीत भरताना १९ लिटरला ११०-१२० ग्रॅम साखर जाते, तिच्यानेच फेस येतो. पण आंबणं पूर्ण थांबल्याशिवाय भरायचं नाही! दोन-तीन दिवसांच्या अंतराने हायड्रोमीटर तोच आकडा दाखवतोय ना बघायचं, नाहीतर बाटल्या कपाटात फुटतात आणि काचा छतापर्यंत जातात. दोन आठवडे बादलीत, दोन आठवडे बाटलीत, म्हणजे तुम्ही महिनाभर राहणार असाल तरच चाखायला मिळेल. केग (बिअर भरायचं पिंप), गॅसचा सिलिंडर, रेग्युलेटर वगैरेच्या मागे आत्ता लागू नका, ते आणखी दोन-तीनशे डॉलर आहेत आणि निम्म्या लोकांचं खूळ तिसऱ्या घाण्याला उतरतं.

प्रश्न : सर, विजय नगरला एकटा राहतो, यीस्ट हॉप्स सगळं ऑनलाइन मिळतंय, बादली तर कुठेही मिळते. स्वतःपुरतीच बिअर इथे इंदूरला केली तर कोणाला काय कळणार?

उत्तर : कळो न कळो, गुन्हाच आहे भिया. मध्यप्रदेशचा आबकारी अधिनियम १९१५ चा, परवान्याशिवाय मद्य बनवणं कलम ३४ खाली येतं, आणि ५० लिटरच्या वर गेलात तर शिक्षा पुष्कळच जड होते. आदिवासींना मोहाची स्वतःपुरती सवलत आहे, ती तुम्हाआम्हाला नाही. सामान उघड विकायला आहे म्हणजे बनवायला मोकळीक आहे असं नसतं. बडोद्याला कोणी भाचा असेल तर त्याला हा प्रश्न मनातही आणू नको म्हणा, गुजरातेत दारूबंदीच आहे.

आणि समजा परवानगी असती तरी मे महिन्यात बिनाएसीच्या फ्लॅटमध्ये ३५-३६ डिग्रीला जे तयार होईल त्याला नेलपॉलिशचा वास येतो, पिववणार नाही. आंबवायचीच हौस असेल तर कांजी घाला. काळी गाजरं मिळाली तर उत्तम नाहीतर लाल आणि एक बीट, दोन लिटर पाणी, दोन चमचे राईची पूड, मीठ, तिखट, काचेची बरणी, तोंडाला फडकं, तीन-चार दिवस उन्हात. शंभर-दीडशे रुपयांत काम. तिथेही बरणी स्वच्छ नसली की वरती पांढरी साय धरते, तेव्हा हात धुवायची सवय लागेल.

प्रश्न : घरी दुधाचा लॅक्टोमीटर आहे. मुलगी लंडनला बिअर करते, तिला हायड्रोमीटर म्हणून तोच पाठवला तर चालेल का?

उत्तर : नाही चालणार. तत्त्व एकच, पण दुधाची घनता १.०२६ ते १.०३२ च्या दरम्यान, म्हणून त्याची पट्टी १.०४० च्या आसपास संपते आणि बिअरचा रस बहुतेक वेळा सुरूच १.०५० च्या आसपास होतो. आंबून १.०५० वरून १.०१२ वर आला तर फरकाला १३१ ने गुणायचं, अल्कोहोल ५ टक्के. तिकडचा हायड्रोमीटर फार महाग नसतो, दोन घ्यायला सांगा, काच आहे, एक सिंकमध्ये जातोच.