इंटरनेटवरील भयकथांपैकी तुम्हाला सर्वाधिक अस्वस्थ करणारी कथा कोणती, आणि ती रचलेली आहे हे ठाऊक असूनही भीती का वाटते?

माझे उत्तर जपानमधील ‘किसारागी स्थानक’ हे आहे. या कथेत रक्तपात नाही आणि भूत म्हणावे असेही जवळजवळ कोणी नाही. तरीही ती पहिल्यांदा वाचल्यावर पुढचे कित्येक दिवस रात्रीच्या शेवटच्या लोकलमध्ये मी स्थानकांच्या पाट्या जरा जास्तच लक्ष देऊन वाचत असे.

8 जानेवारी 2004 च्या रात्री सव्वाअकराच्या सुमारास ‘टू-चॅनेल’ या निनावी चर्चास्थळावर, आसपास काही विचित्र घडत असेल तर ते घडत असतानाच कळवण्यासाठी असलेल्या एका धाग्यात, एका व्यक्तीने मोठ्या संकोचाने लिहिले की कदाचित हा आपला भ्रम असेल, पण सांगू का? पुढे तिने स्वतःचे नाव हासुमी असल्याचे सांगितले. नेहमीच्याच गाडीत ती बसली होती, एरवी पाच-आठ मिनिटांत थांबणारी गाडी वीस मिनिटे उलटूनही थांबत नव्हती आणि डब्यातले मोजके प्रवासी झोपलेले होते. तिच्या सांगण्यावरून ही गाडी शिझुओका प्रांतातील शिन-हामामात्सु येथून सुटणारी असावी. तो अख्खा मार्ग 17.8 किलोमीटरचा आणि स्थानके 18, म्हणजे हरवायला तिथे जागाच नाही. अखेर गाडी थांबली ती ‘किसारागी’ नावाच्या निर्मनुष्य स्थानकावर, आणि या नावाचे स्थानक कोणत्याच नकाशात नव्हते.

इथून पुढचा भाग मला सर्वांत समर्थ वाटतो, कारण तो विलक्षण रुक्ष आहे. वाचणारे लोक टॅक्सी शोधायला सांगतात, घरी फोन करायला सांगतात. ती करते, पण आईवडिलांनाही ते ठिकाण सापडत नाही. पोलिसांना फोन केल्यावर ते ही थट्टा समजून तिलाच रागावतात. मग ती रुळांवरून परत चालू लागते. दुरून ढोल आणि घंटेचा आवाज येतो, एक पाय नसलेला म्हातारा ‘रुळांवरून चालू नकोस’ असे ओरडून नाहीसा होतो. बोगद्यापलीकडे भेटलेला एक सज्जन माणूस तिला गाडीत घेतो आणि आपण हिना येथे असल्याचे सांगतो. हिना हे खरोखरीचे ठिकाण आहे, मात्र ते हामामात्सुपासून रेल्वेने शंभर किलोमीटरहून अधिक दूर! वाचक हादरतात, उतर म्हणतात. गाडी डोंगराकडे वळते, चालक स्वतःशीच काहीतरी असंबद्ध पुटपुटू लागतो, आणि मोबाइलची बॅटरी संपत आली असून संधी मिळताच पळून जाण्याचा विचार आहे, असे कळवून पहाटे 3 वाजून 44 मिनिटांनी ती शेवटची नोंद करते.

माझ्या आजोळी चकव्याच्या गोष्टी पुष्कळ ऐकल्या. ओळखीच्याच माळावर माणूस रात्रभर गोल गोल फिरतो, पायाखालची वाट त्याला सापडत नाही, आणि तांबडे फुटल्यावर तो आपल्याच बांधावर उभा असतो. किसारागी हा माझ्या मते रेल्वेतला चकवाच आहे. फरक एवढाच की चकव्याच्या गोष्टीत तो माणूस घरी परतलेला असतो, म्हणून तर ती गोष्ट आपल्यापर्यंत पोहोचते. शिवाय तो बहुधा कोणाच्या तरी मेहुण्याच्या गावचा असतो. शहरी दंतकथांतही ‘मित्राच्या मित्राला’ घडलेले असते. हासुमी मात्र स्वतःच बोलते, वर्तमानकाळात बोलते, आणि बोलता बोलता थांबते. ही रचना त्या काळी जपानमध्येच सहज शक्य होती, कारण तिथे 1999 पासून मोबाइलवरून इंटरनेट वापरण्याची सोय सामान्य ग्राहकांच्या हाती आलेली होती. मध्यरात्री रुळांवर चालणारी स्त्री मजकूर पाठवत आहे, यात कोणाला काही वावगे वाटले नाही.

खोटेपणा ठाऊक असण्याबद्दल म्हणाल, तर त्याचा फारसा उपयोग होत नाही असे दिसते. उंच, चेहरा नसलेल्या ‘स्लेंडर मॅन’चा जन्म सर्वांसमक्ष झाला: जून 2009 मध्ये अमेरिकेतील एरिक क्नुडसेन यांनी बनावट गूढ छायाचित्रे करण्याच्या एका खेळात दोन चित्रे टाकली. निर्माता, तारीख, हेतू सारे उघड होते. तरीही 2014 मध्ये विस्कॉन्सिन राज्यातील वॉकेशा येथे बारा वर्षांच्या दोन मुलींनी त्याला खूश करण्यासाठी आपल्या मैत्रिणीवर चाकूचे 19 वार केले. सुदैवाने ती वाचली. तिथे कथेपेक्षा त्या मुलींच्या मनःस्थितीचा प्रश्न मोठा होता, त्यामुळे केवळ कथेला दोष देणे मला पटत नाही.

किसारागीत मला खरी अस्वस्थता होते ती सल्ला देणाऱ्यांमुळे. त्यांतले बहुतेक सल्ले शहाणपणाचे आहेत, मी तिथे असतो तर तेच दिले असते, आणि तरीही प्रत्येक उपाय एकेक करून निकामी ठरत जातो. वाचताना आपणही मनातल्या मनात सल्ला देऊ लागतो आणि 3 वाजून 44 मिनिटांनंतर इतरांसारखेच उत्तराची वाट पाहत बसतो.

2011 मध्ये हासुमी या नावाने कोणीतरी, आपण सात वर्षांनी सुखरूप परतलो, असे लिहिले होते. त्या मजकुराला मी मूळ कथेत धरत नाही. ज्यांना रात्री झोप हवी आहे त्यांनी खुशाल धरावे.